मराठवाड्यातील इंग्रजी शब्दज्ञानाच्या वाटा : दिंद्रुड परिसराच्या अनुषंगाने

बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड येथे, किंवा त्या पंचक्रोशीतील कोणत्याही गावी, ‘मोटार चालू कर’ असे कोणी म्हटले तर ऐकणारा माणूस रस्त्याकडे न वळता विहिरीकडे जाईल. मोटार म्हणजे विहिरीवरील अथवा बोअरवरील विजेचा पंप. रस्त्यावरून धावते ती गाडी. पुण्यामुंबईच्या मराठीत मात्र हाच शब्द दीर्घकाळ चारचाकी वाहनासाठी रूढ होता, आणि शाळेतील क्रमिक पुस्तकांनीही तोच अर्थ स्वीकारला. दोहोंत मूळ इंग्रजी शब्दाला अधिक जवळचा अर्थ दिंद्रुडच्या शेतकऱ्याचा आहे, कारण मूळ शब्द गती देणाऱ्या यंत्राचा आहे, वाहनाचा नव्हे. तथापि वर्गात फळ्यावर शब्दार्थ लिहिले जातात तेव्हा शेतकऱ्याचा हा बरोबर अर्थ चुकीचा ठरतो, आणि मुलाच्या मनावर एवढेच ठसते की घरी जे इंग्रजी आहे ते इंग्रजी नव्हे.

प्रस्तुत लेखात या साध्या घटनेमागील इतिहास पाहावयाचा आहे. मराठी भाषकांच्या इंग्रजी शिक्षणाचा इतिहास आजवर बहुधा मुंबई इलाख्याचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला. मेकॉलेचे टिपण, एल्फिन्स्टनचे धोरण, चिपळूणकरांचे ‘वाघिणीचे दूध’ हे त्या इतिहासाचे नेहमीचे टप्पे होत. मराठवाडा त्यात येत नाही, आणि आला तर उणीव म्हणून येतो. वस्तुतः मराठवाड्यात इंग्रजी शब्द निराळ्या वाटांनी आले, आणि त्यांचे अर्थ निराळ्या हातांतून गेले. एका वाटेवर उर्दू होती, दुसऱ्या वाटेवर श्रम होते. शाळेची वाट यांच्या बरीच मागून आली.

तुलनेसाठी मुंबई इलाख्याची हकिकत प्रथम थोडक्यात सांगणे इष्ट होईल. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला व त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. इंग्रजी-मराठी कोशाचे काम मोल्सवर्थनेच आरंभिले होते, परंतु प्रकृती खालावल्याने त्याला स्वदेशी परतावे लागले व ते टॉमस कँडीने १८४७ मध्ये पुरे केले. या कोशांची थोरवी निर्विवाद आहे. परंतु ते मुळात कोणासाठी रचले गेले, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मोल्सवर्थचा कोश मराठी शिकू पाहणाऱ्या इंग्रज अंमलदारासाठी होता. मराठी विद्यार्थ्याने तो उलट्या टोकाने धरून वापरला. बाबा पदमनजींनी १८६३ मध्ये केलेला मोल्सवर्थचा संक्षेप आणि पुढे नीळकंठ बाबाजी रानडे यांचा १९०३ ते १९१६ या काळात प्रसिद्ध झालेला विशाल इंग्रजी-मराठी कोश यांमधून हे टोक हळूहळू सरळ होत गेले.

तरीही सामान्य विद्यार्थ्याच्या हातात कोश क्वचितच असे. त्याच्या हातात असे ती तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. या पुस्तकाचे महत्त्व आपल्या शिक्षणेतिहासाने पुरेसे ओळखलेले नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कोशात शब्द एकटा उभा असतो. पाठमालेत तो वाक्यात येतो, प्रथम इंग्रजीतून मराठीत आणि मग मराठीतून इंग्रजीत, आणि या दुहेरी ये-जा करण्यात त्याचा अर्थ घासून पक्का होतो. शिवाय पाठमालेचा कर्ता मराठी होता. मराठी मुलगा कोठे अडखळेल हे त्याला ठाऊक होते. गुरूवाचून घरी बसून इंग्रजी शिकलेल्या कित्येक पिढ्या या एका पुस्तकाच्या ऋणी आहेत. आजही ते छापले जाते आणि विकले जाते, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

आता निजामी राजवटीकडे वळू. बीड जिल्हा हैदराबाद संस्थानच्या औरंगाबाद सुभ्यात मोडत असे. आजच्या माजलगावाचा उल्लेख जुन्या इंग्रजी गॅझेटियरांत मांजलेगाव असा आढळतो, तर अंबाजोगाई त्या काळी मोमिनाबाद होती. संस्थानच्या लोकसंख्येपैकी सुमारे चतुर्थांश लोक मराठी बोलत, तेलुगू भाषक त्याहून पुष्कळ अधिक होते. राज्यकारभाराची भाषा प्रथम फारसी व एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दू होती. जिल्ह्याचा मुख्य अधिकारी कलेक्टर नव्हे, तर अव्वल तालुकदार. फौजदार नव्हे, तर अमीन. इंग्रजी अंमलाखालील मुलखात ज्या जागी इंग्रजी शब्द रुजला त्या जागी येथे फारसी वा उर्दू शब्द आधीच बसलेला होता. त्यामुळे शेजारच्या नगर जिल्ह्यात कोर्टकचेरीच्या मार्गाने खेड्यांपर्यंत पोचलेले अनेक इंग्रजी शब्द येथे पोचण्याचे कारणच पडले नाही. नगर आणि बीड या लगतच्या जिल्ह्यांतील जुन्या पिढीच्या बोलीत जो फरक जाणवतो त्याचे एक कारण हे आहे.

इंग्रजीचा संपर्क अजिबात नव्हता असे मात्र नाही. मोमिनाबादेस हैदराबाद कंटिन्जंटचे घोडदळ असे आणि ही फौज इंग्रज अंमलदारांच्या हाताखालची होती. १९०३ मध्ये कंटिन्जंटचे स्वतंत्र अस्तित्व संपले. छावणीच्या बाजारात धान्य, चारा व दूध पुरविणारे लोक आसपासच्या खेड्यांतले असत. पलटण, अर्दली, बराक असे शब्द अशा छावण्यांतून सर्वत्र पसरले. यांतील पलटण हा शब्द पेशवाईतच मराठीत आलेला असल्याने त्याचे श्रेय मोमिनाबादेस देता येणार नाही. परंतु लष्करी बाजारात शिकलेले शब्द ऐकून शिकलेले असतात. त्यांना स्पेलिंग नसते. म्हणूनच त्यांचे उच्चार मराठी जिभेला वळण घेऊन येतात व परकेपणा टाकून देतात.

शाळेतील इंग्रजीची कथा याहून चमत्कारिक आहे. १९१७ मध्ये हैदराबादेत भाषांतर विभाग, म्हणजे दारुल-तर्जुमा, स्थापन झाला. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाचे फर्मान निघाले व पुढील वर्षी वर्ग सुरू झाले. सर्व विषय उर्दूतून शिकवावयाचे व इंग्रजी हा सक्तीचा विषय ठेवावयाचा, अशी ही योजना होती. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हा हिंदुस्थानातील पहिला मोठा प्रयोग असून त्याची वाखाणणी झाली ती योग्यच होती. वैद्यक, कायदा, भौतिकी यांसारख्या विषयांचे ग्रंथ उर्दूत आणण्याचे जे काम दारुल-तर्जुमाने केले त्याला तोड नाही. पण ज्या तत्त्वावर ही इमारत उभी होती ते तत्त्व, म्हणजे विद्यार्थ्याने आपल्या भाषेतून शिकावे, मराठी, तेलुगू व कन्नड मुलांच्या बाबतीत लागू पडत नव्हते. त्यांना उर्दू हीच शिकावयाची भाषा होती.

याच काळात औरंगाबाद हे उर्दू कोशकार्याचे एक केंद्र बनले होते. मौलवी अब्दुल हक हे शिक्षणखात्यात अधिकारी होते. अंजुमन-तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे चिटणीसपद १९१२ मध्ये त्यांच्याकडे आल्यावर संस्थेचा कारभार औरंगाबादेस आला, व १९२१ पासून तिचे ‘उर्दू’ हे त्रैमासिक तेथून निघू लागले. अब्दुल हक यांच्या संपादकत्वाखाली सिद्ध झालेला इंग्रजी-उर्दू कोश अंजुमनने १९३७ मध्ये प्रसिद्ध केला. इंग्रजी शब्दांचे अर्थ एका भारतीय भाषेत इतक्या काटेकोरपणे देणारे कोश त्या काळी थोडे होते. मराठी मुलखाच्या मध्यभागी, आज छत्रपती संभाजीनगर असे नाव असलेल्या शहरात, इंग्रजीचे अर्थ ठरविण्याचे एवढे थोर काम चालले होते, आणि आसपासच्या मराठी मुलास ते अर्थ एका परक्या भाषेच्या पडद्यातून दिसत होते. यात अब्दुल हक यांचा दोष नाही. ते आपल्या भाषेचे काम करीत होते आणि ते उत्तम करीत होते. परंतु इतिहासाची ही गुंतागुंत नोंदविल्यावाचून पुढे जाता येत नाही.

या पडद्याने अर्थाचे काय होते, ते थोडे खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे. उर्दू आणि मराठी या दोहोंत फारसी-अरबी शब्द विपुल आहेत. माधवराव पटवर्धनांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेला फार्शी-मराठी कोश चाळला तर त्यांची संख्या ध्यानात येते. वरवर पाहता मराठी मुलास उर्दू सोपी जावी, हे याचे फळ दिसते. पण जो शब्द दोन्ही भाषांत आहे तोच सर्वांत अधिक फसवितो. ‘एम्प्टी’ या इंग्रजी शब्दाचा उर्दू अर्थ ‘खाली’. मराठी मुलाला खाली म्हणजे तळाशी. ‘डिफीट’ म्हणजे उर्दूत ‘शिकस्त’, तर मराठीत आपण प्रयत्नांची शिकस्त करतो, म्हणजे पराभवाच्या नेमके उलट टोक गाठतो. ‘एज्युकेशन’ म्हणजे ‘तालीम’, आणि तालीम म्हटली की मराठवाड्यातील मुलासमोर लाल माती व जोरबैठका उभ्या राहतात. ‘वेव्ह’ म्हणजे ‘मौज’, आणि ज्या मुलाने समुद्र पाहिलेला नाही त्याला ती लाट आहे हे कळावे कसे? तो मौजेचा मराठी अर्थच घेणार. ‘खाली’ वगळता हे शब्द दोन्ही भाषांत एकाच मुळाचे आहेत. मराठीने ते आपल्या घरात आणताना त्यांचे अर्थ बदलले, एवढेच.

अशा परिस्थितीत विद्यार्थी जे करतो ते सर्वत्र सारखेच असते. तो अर्थ सोडून देतो आणि शब्द पाठ करतो. इंग्रजी शब्द व त्याच्यासमोर उर्दू शब्द अशी जोडी त्याच्या तोंडी बसते. परीक्षेत ती उतरते व परीक्षकाचे समाधान होते. दोन्ही बाजूंस परकी भाषा असलेले हे समीकरण गणिताप्रमाणे बरोबर असते, पण त्याचा कोणत्याही वस्तूशी संबंध नसतो. मुंबई इलाख्यातील मुलाकडेही घोकंपट्टी होतीच, परंतु त्याच्या समीकरणाची एक बाजू तरी घरच्या भाषेची होती. मराठवाड्यातील इंग्रजी कच्चे, ही तक्रार पुढे कित्येक दशके ऐकू आली. ती करणाऱ्यांनी हा फरक सहसा विचारात घेतला नाही. मराठवाड्याच्या मुलाला बुद्धी कमी आहे किंवा आस्था कमी आहे, असा सोयीचा निष्कर्ष मात्र काढला गेला.

यास अपवाद होते. हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा व अंबाजोगाई येथील योगेश्वरी नूतन विद्यालय यांनी मराठीतून शिक्षण देण्याचा प्रयत्न प्रतिकूल काळात केला. स्वामी रामानंद तीर्थ यांनी या दोन्ही शाळांत मुख्याध्यापक म्हणून काम केले ते १९३८ च्या सत्याग्रहापूर्वीच्या वर्षांत. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते म्हणून त्यांची ओळख सर्वांस आहे. शिक्षक म्हणून असलेली त्यांची कामगिरी त्या ओळखीखाली थोडी झाकली गेली. भाषेच्या प्रश्नाकडे या मंडळींनी केवळ अस्मितेचा प्रश्न म्हणून पाहिले नाही. मुलाला समजते काय, हा त्यांचा प्रश्न होता.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईने निजामी राजवट संपली. त्यानंतर शाळांचे माध्यम मराठी झाले खरे, परंतु शिक्षक तेच होते, आणि त्यांतील पुष्कळांचे स्वतःचे शिक्षण उर्दूतून झालेले होते. एका पिढीने उर्दूतून शिकलेले इंग्रजी मराठीतून शिकविले. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस महाविद्यालय काढले. मिलिंद महाविद्यालय म्हणून ते पुढे प्रसिद्ध झाले. खेड्यातून आलेला, घराण्यात पहिल्यांदाच शिकणारा दलित विद्यार्थी शेक्सपिअरच्या वर्गात येऊन बसला, ही मराठवाड्याच्या बौद्धिक इतिहासातील फार मोठी घटना होय. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला, व २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. त्याच वर्षी इंग्रजीच्या अध्यापनाचा विचार करणारी केंद्रीय संस्था हैदराबादेस निघाली, हा योगायोग लक्षणीय आहे.

परंतु दैवाचा फेरा असा की मराठवाडा ज्या राज्यात आला त्या राज्यात इंग्रजीचे स्थान त्या वेळी संकुचित झालेले होते. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने इंग्रजी खालच्या वर्गांतून काढून आठवीपासून सुरू करण्याचे धोरण आखले होते. त्यामागील हेतू उदात्त होता. त्याचा परिणाम मात्र सर्वांवर सारखा झाला नाही. ज्यांच्या घरी पाठमाला होती, वडिलांना इंग्रजी येत होते, त्यांच्या मुलांनी ते घरी शिकून घेतले. ज्यांच्या घरी काहीच नव्हते त्यांना तीन-चार वर्षांत सगळे उरकावे लागले. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर इंग्रजी पुन्हा पाचवीवर आली, १९६७ मध्ये बालभारतीची स्थापना होऊन राज्यभर एकच पुस्तक आले, आणि २००० मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. या शेवटच्या निर्णयाला मराठीच्या अनेक अभिमान्यांनी विरोध केला. विरोधकांची बरीचशी मुले त्या वेळी कोठे शिकत होती हे विचारणे असभ्य ठरेल, म्हणून विचारीत नाही.

आता श्रमाच्या वाटेकडे. या वाटेने आलेले शब्द दिंद्रुड परिसरात शाळेतील शब्दांहून संख्येने अधिक आहेत आणि ते पूर्ण पचलेले आहेत. १९७२ च्या दुष्काळाने त्यांचा एक मोठा लोंढा आणला. दुष्काळी कामावर ‘मस्टर’ असे, आणि मस्टरवर नाव असणे म्हणजे त्या दिवशी चूल पेटणे. लष्करातील हजेरीचा हा शब्द सरकारी कागदावर ‘हजेरीपट’ असाही लिहिला जातो, पण मजुराच्या तोंडी मस्टरच राहिला. दुसरा शब्द ‘बंडिंग’. पाणी व माती अडविण्यासाठी शेताला घातलेल्या बांधांच्या कामाचे हे नाव. याचा प्रवास गमतीचा आहे. फारसीतील ‘बंद’ हिंदुस्थानीच्या द्वारे इंग्रजांनी उचलला, त्याचा ‘बंड’ केला, त्याला आपला प्रत्यय लावून ‘बंडिंग’ केले, आणि शेतीखात्यामार्फत तो परत खेड्यात आला. ज्या बाईने आपल्या शेताच्या बांधावर आयुष्य घालविले ती बंडिंगच्या कामावर निघाली तेव्हा बांध आणि बंडिंग ही एकाच कुळातली भावंडे आहेत, हे तिला कोणी सांगितले नाही. सांगितले असते तर इंग्रजी भाषेविषयीचे तिचे भय थोडे कमी झाले असते. युल आणि बर्नेल यांच्या १८८६ मधील प्रसिद्ध कोशात अशा शब्दांची मोठी यादी आहे. ती आपल्या शाळांपर्यंत कधी आली नाही.

याहून दाट शब्दसंग्रह ऊसतोडीचा आहे. बीड जिल्ह्यातून लक्षावधी माणसे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊस तोडावयास जातात आणि उन्हाळ्यात परततात. जवळच तेलगावास सहकारी साखर कारखाना असूनही हे स्थलांतर थांबलेले नाही. या धंद्याची भाषा मराठी व इंग्रजी यांच्या मिश्रणाने बनली आहे. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, आगाऊ पैशाला ‘उचल’. मजुरांच्या टोळ्यांचे प्रकार मात्र ‘डोकी सेंटर’, ‘गाडी सेंटर’ आणि ‘टायर सेंटर’ असे आहेत. मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रकमध्ये भरणारे ते डोकी सेंटर, बैलगाडीने ऊस कारखान्यावर नेणारे ते गाडी सेंटर आणि टायरच्या गाडीने नेणारे ते टायर सेंटर. कारखान्याच्या क्षेत्राबाहेरून थेट दारात येणारा ऊस ‘गेटकेन’. साखरेचा उतारा म्हणजे ‘रिकव्हरी’, आणि मुकादमाने थकलेली उचल वसूल करणे ही देखील ‘रिकव्हरी’च. या दुसऱ्या रिकव्हरीचा अर्थ मजुराच्या पोराला फार लवकर कळतो.

पुस्तकातल्या ‘सेंटर’चा अर्थ मध्य. टोळीच्या सेंटरला मध्य नाही. पण हा मुलगा सेंटर शब्द जाणतो, तो रोज वापरतो, आणि त्याच्या आईबापांचे वर्षाचे उत्पन्न त्या शब्दाने ठरते. इंग्रजीच्या तासाला त्याची वही उघडली तर तीत तीन रकाने दिसतात : स्पेलिंग, उच्चार, अर्थ. तिसऱ्या रकान्यात ‘मध्य’ असे लिहिलेले असते व ते बरोबर असते. चौथा रकाना नसतो.

या ठिकाणी मायकेल वेस्ट या शिक्षणतज्ज्ञाचा उल्लेख करणे अवश्य आहे. ते ढाक्याच्या शिक्षक-महाविद्यालयात काम करीत असत. बंगालमधील द्वैभाषिक शिक्षणावरील त्यांचा ग्रंथ १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९५३ मध्ये सुमारे दोन हजार शब्दांची जी सूची त्यांनी प्रसिद्ध केली ती इंग्रजीच्या अध्यापनात जगभर वापरली गेली. सूचीपेक्षा त्यांचा एक विचार आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे, आणि तो त्यांनी विम्याच्या धंद्यातून उचलला. विमा अर्ध्यावर सोडणाऱ्यास हप्त्यांच्या मानाने काही रक्कम परत मिळते. त्याप्रमाणे शाळा अर्ध्यावर सोडणाऱ्या मुलाच्या पदरात त्याने तोवर शिकलेल्या इंग्रजीपैकी वापरण्याजोगे काय पडते, असा प्रश्न वेस्ट यांनी विचारला. बंगाली मुलांपैकी फार थोडी अखेरपर्यंत पोचतात आणि अभ्यासक्रम मात्र पोचणाऱ्यांसाठी आखलेला असतो, म्हणून बाकीच्यांच्या पदरात शून्य पडते, हे त्यांनी दाखविले. बोलण्याआधी वाचता येईल एवढे इंग्रजी मुलाला लवकर द्यावे, हा त्यांचा निष्कर्ष त्यातून निघाला.

दिंद्रुड परिसरातील ऊसतोड कुटुंबाच्या मुलास हा हिशेब तंतोतंत लागू पडतो. हंगाम सुरू झाला की शाळा सुटते. आईबापांबरोबर गेलेल्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या आणि मागे राहिलेल्यांसाठी हंगामी वसतिगृहे. त्यांची कामगिरी वर्षागणिक कमीअधिक झाली. अशा मुलाचे इंग्रजी दर वर्षी अर्ध्यावर तुटते व नव्या वर्षी नव्या पुस्तकाने पुन्हा सुरू होते. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या साडेआठशे शब्दांच्या सुप्रसिद्ध यादीत नांगर, पंप, गाडी यांचे इंग्रजी शब्द आहेत, आणि हातमोजे व लांब पायमोजे यांचेही आहेत. आपल्या पुस्तकांनी बराच काळ हातमोज्यांचा वारसा अधिक निष्ठेने चालविला.

अर्थ न कळता शब्द तोंडी असण्याचे परिणाम परीक्षेपुरते मर्यादित राहिले असते तर त्यांची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. गावात ‘बाँड’ म्हणजे शंभर-पाचशेचा मुद्रांक. ‘बाँडवर लिहून दिले’ याचा अर्थ मुद्रांकावर सही वा अंगठा दिला, इतकाच. आपण स्वतःस कशाने बांधून घेतले हा मूळ शब्दातील अर्थ नेमका गळालेला असतो. उचलीचे व्यवहार अशाच कागदावर होतात. याहून कठोर उदाहरण बीड जिल्ह्यातील स्त्रियांचे आहे. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण असाधारण असल्याचे २०१९ मध्ये उजेडात आले व डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. त्या वेळी पुढे आलेल्या अनेक स्त्रियांच्या कथनांत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो : कॅन्सर. पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल, असे त्यांना सांगण्यात आले होते. या शस्त्रक्रियांची कारणे अनेक होती आणि त्यांत बुडणारी मजुरी, मुकादमाचा दंड व पाळीच्या दिवसांत फडावर होणारे हाल ही प्रमुख होत. शब्दार्थ न कळणे हे त्यांचे मूळ कारण आहे असे म्हणणे म्हणजे त्या स्त्रियांचीच चूक दाखविण्यासारखे होईल. परंतु ज्या शब्दाचे भयच तेवढे कळते आणि अर्थ कळत नाही, त्या शब्दासमोर प्रश्न विचारता येत नाही. आजार कोणता, तो कोणाला होतो, किती वर्षांत होतो, तपासणी कोणती, हे विचारण्यासाठी शब्दाच्या आत शिरावे लागते. ‘कर्करोग’ हा मराठी पर्याय शासकीय फलकांवर आहे, पण तोही तिला तेवढाच परका आहे.

येथे भाषाशुद्धीच्या वादाचा ओझरता उल्लेख करावा लागेल. परका शब्द नको म्हणणारे आणि तो हवाच म्हणणारे या दोन्ही पक्षांचा वाद शब्दाच्या कुळाविषयी चालला. तो मजुराच्या घरी पोचल्यावर त्याचा अर्थ काय होतो, हा प्रश्न दोहोंनीही मागे ठेवला. शासनाच्या परिभाषा कोशांनीही मोठे काम केले, परंतु ते कार्यालयातून कार्यालयाकडे जाणाऱ्या कागदासाठी होते. दिंद्रुडच्या शेतकऱ्याने ‘रोहित्र’ हा सुंदर शब्द वीजमंडळाच्या पत्रात वाचला, आणि ‘डीपी जळाली’ असेच म्हणत राहिला.

या विषयाच्या पुढील अभ्यासाची साधने दोन प्रकारची आहेत. उस्मानिया अभ्यासक्रमाखाली शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या वह्या, शब्दार्थांची टिपणे व उत्तरपत्रिका मराठवाड्यातील जुन्या घरांतून अद्याप मिळण्याचा संभव आहे. ती पिढी आता जवळजवळ संपली आहे, म्हणून हे काम प्रथम हाती घेतले पाहिजे. उर्दू व मराठी या दोन्ही लिपी वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना ते सोपविता येईल आणि असे विद्यार्थी याच विद्यापीठाच्या दोन शेजारच्या विभागांत असतात. दुसरे साधन म्हणजे ऊसतोड, वीजपंप, दुष्काळी कामे व दवाखाना या चार क्षेत्रांतील इंग्रजी शब्दांची गावोगाव नोंद. प्रत्येक शब्दाचा गावातील अर्थ, पुस्तकातील अर्थ आणि तो कोणाकडून ऐकला हे शेजारी शेजारी लिहावे. दिंद्रुडसारख्या गावी ही नोंद हंगामापूर्वी, म्हणजे टोळ्या बाहेर पडण्याआधी, सुरू करावी लागेल. एकदा गाड्या निघाल्या की सांगणारी माणसे वैशाखापर्यंत परत यावयाची नाहीत.